मराठी दीर्घलेखनातील अनुक्रमणिका : पोथीपासून संकेतस्थळापर्यंत

१. प्रश्नाचे स्वरूप

रत्नागिरी जिल्ह्यातील खेड हे तालुक्याचे ठिकाण जगबुडी नदीच्या काठी वसलेले आहे. ही नदी पुढे वाशिष्ठीस मिळते व वाशिष्ठी दाभोळपाशी समुद्रास मिळते. गावालगत लहानशी कोरीव लेणी आहेत. रसाळगड, सुमारगड आणि महिपतगड हे तीन किल्ले याच तालुक्यात मोडतात. लोटे-परशुराम येथील औद्योगिक वसाहत येथलीच होय. १९९८ साली पूर्ण झालेल्या कोकण रेल्वेचे एक स्थानक खेड येथे आहे. आणि जुलै २०२१ मधील महापुरात जगबुडीचे पाणी गावात शिरले होते. खेडविषयी कोणी विस्तृत लेख लिहावयाचे ठरविल्यास एवढे विषय त्यात सहजच येतील. परंतु त्या लेखाकडे वळणारा प्रत्येक वाचक हे सर्व विषय शोधीत येत नाही. एकास लेण्यांची माहिती हवी असते, दुसऱ्यास पुराची हकीकत हवी असते, तर तिसऱ्यास किल्ल्याची वाट तेवढी विचारावयाची असते. अशा वाचकास इष्ट स्थळी पोचविण्याचे जे साधन ग्रंथकार फार पूर्वीपासून वापरीत आले, ते म्हणजे अनुक्रमणिका.

मुद्रित ग्रंथ हातात घेतला की त्याची जाडी कळते, पाने चाळता येतात, आपण ग्रंथाच्या मध्यावर आहो की अखेरीस, हे बोटांनाच समजते. संगणकाच्या वा हातातील दूरध्वनीच्या पडद्यावर मजकुराला जाडी नसते. मजकूर वरून खाली सरकत राहतो आणि तो किती उरला याची निश्चित कल्पना येत नाही. म्हणून संकेतस्थळावरील दीर्घ पानांना अनुक्रमणिकेची गरज मुद्रित ग्रंथापेक्षा कमी नसून अधिकच आहे. ही गरज ओळखूनच मजकुरातील शीर्षके आपोआप वेचून त्यांची यादी पानाच्या आरंभी वा बाजूस मांडणाऱ्या आज्ञावली तयार झाल्या. हे काम यंत्राने आपल्याकडे घेतल्यामुळे अनुक्रमणिकेचा प्रश्न कायमचा सुटला, असा एक समज रूढ आहे. वस्तुतः तो प्रश्न सुटलेला नाही. तो एक पायरी मागे सरकला आहे. यादी करणाऱ्याची जबाबदारी आता शीर्षक देणाऱ्यावर येऊन पडली आहे. मराठी लेखनाच्या इतिहासातून हा बदल कसा घडत आला आणि त्यात मराठीपुढे कोणत्या विशेष अडचणी आहेत, याचा येथे विचार करावयाचा आहे.

२. शब्द आणि परंपरा

‘अनुक्रमणिका’ हा शब्द मुद्रणकलेबरोबर आलेला नाही. वैदिक वाङ्मयात अनुक्रमणी नावाचा ग्रंथप्रकारच होता. कात्यायनाच्या सर्वानुक्रमणीत ऋग्वेदातील प्रत्येक सूक्ताचे आरंभीचे शब्द, ऋचांची संख्या, ऋषी, देवता व छंद एवढ्या गोष्टी क्रमाने सांगितल्या आहेत. महाभारताच्या आदिपर्वाचा आरंभच अनुक्रमणिकापर्वाने होतो, आणि त्यापुढील पर्वसंग्रहपर्वात कोणत्या पर्वात किती अध्याय व किती श्लोक आहेत याची गणती दिलेली आहे. ही गणती वाचकाच्या सोयीपुरती नव्हती. मुखपरंपरेने व हस्तलिखितांच्या द्वारा चालणाऱ्या ग्रंथात कोणी भर घातली वा काही गाळले, तर ते ओळखू यावे, हाही तीमागील एक हेतू होता. म्हणजे अनुक्रमणिका वाटाड्याचे काम करी, तसेच पहारेकऱ्याचेही करी.

पाश्चात्त्य जगात याला समांतर असे जुने उदाहरण प्लिनीचे आहे. इ. स. ७७ च्या सुमारास त्याने आपला निसर्गविषयक प्रचंड ग्रंथ पुढे बादशहा झालेल्या टायटस यास अर्पण केला, तेव्हा पहिले संपूर्ण पुस्तक त्याने पुढील पुस्तकांतील विषयांच्या यादीसाठी दिले. टायटस यास सर्व ग्रंथ वाचावा लागू नये, हवे तेवढेच शोधता यावे, हा आपला हेतू त्याने अर्पणपत्रात सांगितला आहे, आणि लॅटिन भाषेत असे पूर्वी व्हॅलेरियस सोरानस याने केले होते, हेही प्रामाणिकपणे नमूद केले आहे.

मराठीच्या आद्य गद्यात लीळाचरित्राची रचना या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. एकांक, पूर्वार्ध व उत्तरार्ध असे त्याचे भाग असून प्रत्येक लीळेस स्वतंत्र शीर्षक आहे. स्मरणाने सांगितलेल्या शेकडो आठवणी एकत्र करताना प्रत्येकीस नाव देणे अपरिहार्यच होते. नावाशिवाय आठवण हाती लागत नाही. ओवीबद्ध ग्रंथांत शीर्षकांचे काम निराळ्या रीतीने होई. ज्ञानेश्वरीत अध्याय आणि ओवीचा अंक एवढ्यावर स्थळ निश्चित होते. पोथीची पाने सुटी असत, एका नकलकाराचे पान दुसऱ्याच्या पानाशी जुळत नसे, त्यामुळे पानाचा अंक निरुपयोगी ठरे. ओवीचा अंक मात्र प्रत बदलली तरी बहुधा टिके. प्रतीप्रतींत एकदोन ओव्यांचा फरक पडतो हे खरे, पण तो फरकही अंकांमुळेच ध्यानात येतो. मजकुरास बाहेरच्या मापाने न मोजता त्यालाच पत्ता चिकटवून द्यावा, ही कल्पना येथे पूर्णपणे सिद्ध झालेली आहे. आजच्या संकेतस्थळावरील शीर्षकास जो गुप्त पत्ता दिलेला असतो, त्याचे तत्त्व याहून वेगळे नाही.

रामदासांनी दासबोधाची रचना वीस दशके व प्रत्येक दशकात दहा समास अशी बांधीव केली, प्रत्येक समासास नाव दिले आणि पहिल्याच समासात ग्रंथात काय सांगितले आहे, हे श्रोत्यांच्या प्रश्नाच्या निमित्ताने सांगून टाकले. गुरुचरित्राच्या अखेरीस येणारी अवतरणिका तर या परंपरेतील सर्वांत लक्षणीय गोष्ट होय. तीत मागील सर्व अध्यायांचा विषय क्रमाने ओवीत सांगितलेला आहे. ज्यास संपूर्ण पोथी वाचणे शक्य नसते तो भाविक केवळ अवतरणिकेचे वाचन करतो. येथे अनुक्रमणिका ग्रंथाकडे नेणारी वाट न राहता ग्रंथाचा संक्षेप झाली आहे. ती रचणाऱ्याने प्रत्येक अध्यायातून काय उचलावे आणि काय सोडावे, याचा निवाडा केलेला आहे. हा निवाडा यंत्राकडून होत नाही, एवढे पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवले पाहिजे.

३. दफ्तर आणि गॅझेटियर

धर्मग्रंथांच्या जोडीने राज्यकारभाराच्या लेखनातही मराठीने आपली व्यवस्था उभी केली होती. मोडी कागदांत मजकूर कलमवार लिहिण्याचा प्रघात होता. प्रत्येक कलम स्वतंत्र, त्याखाली तपशील, आणि कागदांची बांधणी रुमालात. कागदांच्या यादीस फार्सीवरून आलेला ‘फेरिस्त’ हा शब्द होता. अशा रीतीने मराठीत एकाच प्रयोजनासाठी तीन कुळांतील शब्द नांदत होते असे दिसते : ग्रंथाच्या अंगभूत क्रमाने चालणारी ‘अनुक्रमणिका’, बोट दाखविणारी ‘सूची’ आणि दफ्तरातील ‘फेरिस्त’. पुढे मुद्रणाच्या काळात पहिले दोन शब्द राहिले आणि त्यांच्यात कामाची वाटणीही झाली. ग्रंथाच्या आरंभी येते ती अनुक्रमणिका. अखेरीस वर्णानुक्रमाने येते ती सूची.

खेडविषयीच्या मुद्रित माहितीस निश्चित जागा मिळाली ती १८८० साली. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा दहावा खंड रत्नागिरी जिल्हा व सावंतवाडी संस्थान यांविषयीचा असून तो जेम्स कॅम्बेल यांच्या संपादकत्वाखाली त्या वर्षी प्रसिद्ध झाला. भूवर्णन, उत्पन्न, लोकसंख्या, शेती, व्यापार, इतिहास, जमीन, न्याय, शिक्षण, आरोग्य अशा ठराविक क्रमाने प्रकरणे येतात आणि जिल्ह्याच्या अखेरच्या प्रकरणात प्रेक्षणीय स्थळे वर्णानुक्रमाने दिलेली असतात. खेडची नोंद या शेवटच्या प्रकरणात आहे. परंतु खेडविषयीची सर्व माहिती त्या नोंदीत नाही. नदीचे वर्णन आरंभीच्या प्रकरणात, बंदरांकडे होणारी वाहतूक व्यापाराच्या प्रकरणात, सारापद्धती जमिनीच्या प्रकरणात अशी ती विखुरलेली आहे. ग्रंथकर्त्यांच्या दृष्टीने विषय मुख्य होता, गाव गौण होते.

या विखुरलेपणावर त्या काळच्या संपादकांनी तीन उपाय योजिले. पहिला उपाय आरंभीच्या अनुक्रमणिकेचा. दुसरा, समासातील टिपांचा : प्रत्येक पानाच्या बाहेरील कडेस प्रकरणाचे नाव आणि त्या परिच्छेदाचा विषय बारीक टंकात छापलेला असे, म्हणजे पाने उलगडत जाताना नजर कडेवरून फिरली तरी विषय सापडे. तिसरा उपाय सूचीचा. संपूर्ण मालिकेची एकत्रित सूची आर. ई. एन्थोवेन यांनी सिद्ध केली आणि ती १९०४ साली सत्ताविसावा खंड म्हणून प्रसिद्ध झाली. एका स्वतंत्र खंडाएवढे श्रम केवळ सूचीसाठी खर्च करावे असे त्या शासनास वाटले, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. माहिती गोळा करणे आणि ती सापडण्याजोगी करणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे त्यांस कळले होते.

सूचीकर्त्यापुढे नावांच्या सारखेपणाचीही अडचण होती. ‘खेड’ या नावाचा संबंध संस्कृत ‘खेट’ या शब्दाशी आहे व त्याचा अर्थ शेतकऱ्यांची वस्ती असा होतो. साहजिकच या नावाची गावे महाराष्ट्रात अनेक झाली. पुणे जिल्ह्यातील खेड तालुका तर सर्वपरिचित आहे. त्याचे मुख्य ठिकाण आता राजगुरुनगर या नावाने ओळखले जाते. सामान्यनाम विशेषनाम झाले की सूचीत जिल्ह्याचे नाव जोडण्यावाचून गत्यंतर राहत नाही. त्यात मराठी वर्णानुक्रमाचा वाद होताच : क्ष व ज्ञ यांस क आणि ज यांच्या पोटात घालावे की ळ नंतर अखेरीस ठेवावे, याविषयी कोशकारांत एकवाक्यता नव्हती.

भारतास स्वातंत्र्य मिळाल्यानंतर रत्नागिरी जिल्ह्याच्या गॅझेटियरची सुधारून वाढविलेली आवृत्ती १९६२ साली महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केली. १ मे १९८१ रोजी जिल्ह्याचा दक्षिण भाग वेगळा होऊन सिंधुदुर्ग जिल्हा झाला, तेव्हा या आवृत्तीतील जिल्हा आणि प्रत्यक्षातील जिल्हा यांत अंतर पडले. मुद्रित अनुक्रमणिकेचा हा अंगभूत दोष होय. ती एकदा छापली की स्थिर राहते. ती ज्या वस्तूचे वर्णन करते ती वस्तू मात्र बदलत जाते.

४. यंत्राची यादी

संगणकीय जाळ्यावरील पहिले संकेतस्थळ १९९१ साली टिम बर्नर्स-ली यांनी जिनीव्हाजवळच्या संशोधनसंस्थेत सुरू केले. त्या पानांसाठी जी खुणांची भाषा त्यांनी योजिली, तीत शीर्षकांसाठी स्वतंत्र खुणा होत्या. पुढे शीर्षकांच्या सहा पायऱ्या निश्चित झाल्या : पहिली पानाच्या मथळ्याची, दुसरी प्रमुख विभागांची, तिसरी उपविभागांची, आणि अशाच क्रमाने पुढील. यामागील विचार असा की, एखादी ओळ मोठी आणि ठळक दिसावी एवढे सांगून भागत नाही. ती ओळ शीर्षक आहे, हे सांगितले पाहिजे. दिसणे व असणे यांतील हा भेदच स्वयंचलित अनुक्रमणिकेचा पाया आहे.

यंत्राची कृती सोपी आहे. आज्ञावली पानातील शीर्षकांच्या खुणा वरून खाली क्रमाने वाचते. प्रत्येक शीर्षकास ती एक पत्ता देते. हा पत्ता बहुधा शीर्षकाच्या शब्दांवरूनच बनविलेला असतो. नंतर शीर्षकांची पायरी पाहून ती एकाखाली एक अशी यादी रचते आणि यादीतील प्रत्येक ओळ त्या त्या पत्त्याशी दुव्याने जोडते. वाचकाने ओळीवर बोट ठेवले की पान सरकून त्या जागी येते. लेखकाने एखादे शीर्षक वाढविले वा काढले तर यादी आपोआप सुधारते. १९६२ च्या ग्रंथास जे साधणे अशक्य होते, ते येथे क्षणार्धात साधते.

मराठी वाचकास या सोयीचा परिचय मोठ्या प्रमाणावर झाला तो विकिपीडियामुळे. मराठी विकिपीडियाचा आरंभ १ मे २००३ रोजी झाला. त्यामागील मीडियाविकी या प्रणालीचा नियम असा की, पानात चार वा अधिक शीर्षके आली म्हणजे पहिल्या शीर्षकाच्या आधी अनुक्रमणिकेची चौकट आपोआप उमटते. चौकटीवर ‘अनुक्रमणिका’ हाच परंपरागत शब्द योजिला गेला आणि ती मिटविण्यास व उघडण्यास ‘लपवा’ व ‘दाखवा’ हे साधे शब्द आले. अनुक्रमणीच्या वैदिक परंपरेतून आलेला शब्द एकविसाव्या शतकातील यंत्राच्या चौकटीवर विनासायास बसला, हे भाषेच्या सातत्याचे चांगले उदाहरण होय.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने अधिक मनोवेधक गोष्ट संपादकांसाठी असलेल्या संकेतशब्दांत आढळते. नियमाप्रमाणे येणारी चौकट नको असेल तर पानात ‘अनुक्रमणिकानको’ असा शब्द दोन्ही बाजूंस दोन-दोन अधोरेषा देऊन लिहावयाचा असतो. शीर्षके कमी असूनही चौकट हवी असेल तर ‘अनुक्रमणिकाहवीच’ असे लिहावयाचे. मूळ इंग्रजी संकेतात सक्ती करण्याचा शब्द आहे; मराठीकाराने त्याचा शब्दशः अनुवाद न करता ‘हवी’ हे रूप घेतले आणि त्यास ‘च’ हे निश्चयार्थक अव्यय जोडले. ‘नको’ हे रूप लिंगानुसार बदलत नाही. ‘हवा-हवी-हवे’ मात्र बदलते, म्हणून अनुक्रमणिकेच्या स्त्रीलिंगास अनुसरून ‘हवी’ आले. यंत्रास लिंगाशी कर्तव्य नाही, त्याच्या लेखी ती केवळ अक्षरांची एक माळ आहे. तरीही ती माळ मराठी व्याकरणाने ओवलेली आहे. परिभाषा घडविताना बोलीतील जिवंत रूपांचा आधार घेतला तर ती किती सहज होते, याचा हा दाखला आहे.

यादीच्या जागेचाही इतिहास पाहण्यासारखा आहे. बरीच वर्षे ती पानाच्या आरंभी चौकटीत असे. विकिपीडियाच्या २०२२ या वर्षाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नव्या मांडणीत ती पानाच्या बाजूस आली आणि मजकूर सरकत असताना दृष्टीसमोर राहू लागली. इंग्रजी विकिपीडियाने ही मांडणी जानेवारी २०२३ मध्ये स्वीकारली. १८८० च्या गॅझेटियरमधील समासातील टिपांचेच हे पुनरागमन म्हणता येईल. वाचकाची नजर मधून मधून कडेकडे वळते, हे जुन्या मुद्रकांस ठाऊक होते; नव्या रचनाकारांस ते पुन्हा शोधावे लागले.

५. मात्रांचा लोप

आतापर्यंतच्या विवेचनात मराठीची वेगळी अशी अडचण आली नाही. ती येते पत्त्याच्या ठिकाणी. शीर्षकावरून पत्ता बनविताना बहुतेक आज्ञावली अक्षरे व अंक ठेवतात आणि विरामचिन्हे गाळतात. रोमन लिपीपुरता हा नियम निर्दोष आहे. देवनागरीत मात्र ‘अक्षर’ कशास म्हणावे, हा प्रश्न उभा राहतो.

जगातील सर्व लिप्यांसाठी १९९१ पासून प्रचारात आलेल्या युनिकोड या संकेतव्यवस्थेत देवनागरीचे व्यंजन आणि स्वतंत्र स्वर हे ‘अक्षर’ या वर्गात आहेत. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि हलन्ताची खूण ही मात्र ‘जोडचिन्हे’ या वेगळ्या वर्गात आहेत. लेखनाच्या यांत्रिक व्यवस्थेसाठी ही वर्गवारी योग्यच आहे. पण पत्ता बनविणारी आज्ञावली ‘अक्षर नाही ते गाळा’ असे म्हणू लागली की अनर्थ होतो. पायथॉन या संगणकभाषेतील शब्दघटक ओळखण्याची नेहमीची खूण देवनागरी व्यंजने स्वीकारते व मात्रा नाकारते. तिच्या आधारे ‘खेड’चे ‘खड’ होते, ‘चिपळूण’चे ‘चपळण’ होते आणि ‘मुंबई’चे ‘मबई’ होते. ‘वाडी’ आणि ‘वाडे’ ही कोकणातील गावाच्या वर्णनात सहज येणारी दोन शीर्षके घेतली तर दोहोंचेही ‘वड’ होते आणि त्यांतील भेद राखण्यासाठी पुढे अंक जोडावा लागतो. जावास्क्रिप्ट या भाषेतील तीच खूण तर केवळ रोमन अक्षरे, अंक आणि अधोरेषा एवढीच ओळखते; तिच्या हाती ‘इतिहास’ हे शीर्षक दिले तर मागे काहीच उरत नाही.

हा दोष कारागिरीचा दिसला तरी त्याच्या मुळाशी भाषेविषयीचा एक गैरसमज आहे. देवनागरीतील मात्रा ही व्यंजनावर चढविलेली शोभा नव्हे; तो स्वर आहे. ‘खेड’ या शब्दातील एकार काढला तर शब्दाचा उच्चारच नव्हे, अर्थही नाहीसा होतो. मोडी लिपीत ऱ्हस्व व दीर्घ यांचा भेद सामान्यतः दाखविला जात नसे, परंतु भरधाव लिहिणाऱ्या कारकुनानेही स्वरचिन्हे सरसकट गाळली नाहीत. जे मोडीच्या लगबगीत घडले नाही ते यंत्राच्या आज्ञेत घडावे, याचे कारण एवढेच की ती आज्ञा लिहिणाऱ्यापुढे केवळ रोमन लिपी होती. उपायही अवघड नाही. गाळण्याच्या नियमात अक्षरांबरोबर जोडचिन्हेही राखावी, एवढी एक दुरुस्ती पुरेशी होते. मात्र ती करण्यासाठी मराठी शीर्षक घालून आज्ञावली तपासून पाहणारा कोणीतरी असावा लागतो.

मात्रा टिकल्या तरी दुसरी अडचण उरते. संगणकात साठविताना देवनागरीचे प्रत्येक चिन्ह बहुधा तीन घटकांत साठविले जाते, आणि दुव्यात लिहिताना प्रत्येक घटकाची तीन रोमन चिन्हे होतात. ‘खेड’ या शब्दात ख, एकाराची मात्रा व ड अशी तीन चिन्हे आहेत. दुव्यात त्यांची सत्तावीस होतात. ‘इतिहास’ या सहा चिन्हांच्या शब्दाची चौपन्न होतात. असा दुवा कोणास पाठविला तर तो वाचून काही बोध होत नाही. मीडियाविकीतही पूर्वी देवनागरी शीर्षकांचे पत्ते अशाच सांकेतिक रूपात बनत. २०१७ च्या सुमारास ही पद्धत बदलून शीर्षकाची मूळ अक्षरेच पत्त्यात ठेवण्याची व्यवस्था झाली व जुने पत्तेही चालू ठेवण्यात आले. ओवीचा अंक प्रत बदलली तरी टिकला पाहिजे, हा जो जुन्या पोथीकारांचा कटाक्ष होता, तोच येथे निराळ्या रूपात पाळला गेला.

परंतु शब्दांवरून बनलेल्या पत्त्यास एक अंगचेच दौर्बल्य आहे. संपादकाने ‘शेती’ हे शीर्षक बदलून ‘शेती व फळबागा’ असे केले की अनुक्रमणिका लगेच सुधारते. पण पूर्वीच्या पत्त्यावर इतरांनी दिलेले दुवे मात्र पानाच्या माथ्यावर जाऊन थांबतात. अंक निर्जीव असतो म्हणूनच तो टिकाऊ असतो. शब्द अर्थपूर्ण असतो म्हणूनच तो बदलतो. संदर्भग्रंथांच्या संकेतस्थळांवर शीर्षकाच्या शब्दाखेरीज स्थिर अंकाचा पत्ताही असावा, हे यावरून उघड आहे.

६. भरलेली यादी, रिकामे पान

यंत्र शीर्षके मोजते. मजकूर मोजीत नाही. याचे परिणाम दोन विरुद्ध दिशांनी दिसून येतात.

एका बाजूस, विपुल मजकूर असून शीर्षकांच्या खुणा नसलेली पाने आहेत. मुद्रित कोशांत जागा वाचविण्यासाठी उपशीर्षक परिच्छेदाच्या आरंभी ठळक टंकात देऊन त्याच ओळीत मजकूर सुरू करण्याची पद्धत आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली १९७६ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या मराठी विश्वकोशातही ती आढळते, आणि कागदावर ती सोयीची आहे. असा मजकूर केवळ ठळकपणा राखून पडद्यावर उतरविला तर डोळ्यास शीर्षक दिसते, यंत्रास दिसत नाही. कारण ठळक असणे म्हणजे शीर्षक असणे नव्हे. मग कितीही चांगली आज्ञावली जोडली तरी तीस वेचावयास काही मिळत नाही. जुन्या ग्रंथांच्या पानांची केवळ छायाचित्रे संकेतस्थळावर ठेवली असतील तर तेथे अक्षरेही नसतात, मग शीर्षके कोठून असणार? युनिकोडपूर्व काळात निरनिराळ्या टंकांच्या खासगी संकेतांत लिहिलेल्या मराठी पानांचीही हीच अवस्था झाली; तो टंक नसलेल्या संगणकावर शीर्षक आणि मजकूर दोन्ही सारखेच निरर्थक दिसत.

दुसऱ्या बाजूस, शीर्षके विपुल असून मजकूर नसलेली पाने आहेत. मराठी विकिपीडियावरील कित्येक गावांच्या नोंदींत भौगोलिक स्थान, हवामान, लोकजीवन, प्रेक्षणीय स्थळे, नागरी सुविधा, जवळपासची गावे अशी शीर्षके एका साच्याने दिलेली आढळतात. प्रत्येक शीर्षकाखाली क्वचित एखादे वाक्य असते, क्वचित तेही नसते. शीर्षके चारांहून अधिक असल्यामुळे नियमाप्रमाणे अनुक्रमणिका उमटते आणि वाचकाच्या मनात अपेक्षा उत्पन्न होते. ओळीवर बोट ठेवले म्हणजे ती अपेक्षा ओस पडते. साचा असणे हा स्वतः दोष नव्हे. कॅम्बेल यांच्या गॅझेटियरचाही साचाच होता, आणि त्यामुळे एका जिल्ह्याचा खंड वाचणाऱ्यास दुसऱ्या जिल्ह्याचा खंड वापरणे सोपे गेले. भेद एवढाच की तेथे साचा भरण्यासाठी माहिती आधी गोळा झालेली होती. येथे साचा आधी आला आणि माहिती यावयाची राहिली.

या प्रश्नात केवळ विद्वानांची सोय गुंतलेली नाही. दृष्टिहीन वाचक पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणाऱ्या आज्ञावलीच्या साह्याने वाचतात. एनव्हीडीए यासारख्या विनामूल्य मिळणाऱ्या आज्ञावलीत एका कळीने पुढील शीर्षकावर जाता येते. शीर्षकांच्या खुणा नसतील तर अशा वाचकास हवी ती एक ओळ गाठण्यासाठी पान आरंभापासून ऐकावे लागते. डोळस वाचकास अनुक्रमणिका ही सवलत आहे. दृष्टिहीन वाचकास शीर्षकाची खूण हे प्रवेशद्वारच आहे. पुराच्या दिवसांत पाण्याच्या पातळीसंबंधीची वा आश्रयस्थानांसंबंधीची सूचना दीर्घ पानाच्या तळाशी असली आणि तिच्यावर शीर्षकाची खूण नसली, तर जगबुडीच्या काठी राहणाऱ्या कोणासही तिचा वेळेवर उपयोग होणार नाही, मग तो डोळस असो वा नसो.

७. समारोप

पोथी, दफ्तर, गॅझेटियर आणि संकेतस्थळ या चार अवस्थांतून अनुक्रमणिकेचा प्रवास पाहिला असता असे दिसते की, प्रत्येक अवस्थेत तिचे श्रम कोणीतरी उचललेले आहेत. कात्यायनाने ते स्वतंत्र ग्रंथ रचून उचलले, गुरुचरित्रात ते अवतरणिकेच्या ओव्यांनी उचलले, एन्थोवेन यांनी एक पूर्ण खंड देऊन उचलले. यंत्राने यांतील यादी मांडण्याचे श्रम खरोखरच नाहीसे केले आहेत, आणि ही प्राप्ती लहान नव्हे. पण मजकुराचे योग्य भाग पाडणे, प्रत्येक भागास त्यात जे आहे तेच सांगणारे नाव देणे आणि ते नाव शीर्षक म्हणून नोंदविणे, हे काम माणसाकडेच राहिले आहे. यादी आपोआप होते म्हणून शीर्षकेही आपोआप होतील, असे मानणे ही चूक आहे.

मराठीतील जुने संदर्भग्रंथ, जिल्ह्यांच्या दर्शनिका आणि कोश यांना पडद्यावर आणण्याचे काम पुढेही चालणार आहे. ते करताना अक्षरे अचूक उतरली की नाहीत, हे तपासले जाते. शीर्षके शीर्षके म्हणून उतरली की नाहीत आणि पत्त्यांत मात्रा शिल्लक राहिल्या की नाहीत, हेही त्याच कटाक्षाने तपासले गेले पाहिजे. तसे झाले तर १८८० च्या ग्रंथात निरनिराळ्या प्रकरणांत विखुरलेली खेडची माहिती एका वाचकास एका बैठकीत हाती लागेल. तसे न झाले तर माहिती ग्रंथात होती तशीच संकेतस्थळावर राहील, आणि ‘खेड’ शोधीत आलेला वाचक ‘खड’ या पत्त्यापाशी अडून परत जाईल.